जखमी शिपायाचा खर्च आणि हिशेबाची वही

सार्वजनिक पैशाचा हिशेब म्हटला की सामान्य माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो अफरातफरीचा. कोणी किती खाल्ले, कोणत्या पावतीवर खोटी सही आढळली, कोणाच्या घराची झडती झाली, एवढी चौकशी केली की लोक स्वस्थ बसतात. ‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण मराठीत रूढ झाली ती काही उगाच नव्हे. परंतु सार्वजनिक पैशाच्या कामात याहून निराळा असा एक दोष संभवतो, आणि त्याची वाच्यता फारशी होत नाही. तळे राखणारा स्वतः पाण्याला शिवत नाही. पण तहानलेल्यालाही तो ते वेळेवर मिळू देत नाही. वह्या स्वच्छ असतात, शिल्लक पै न् पै जुळते, आणि ज्याच्याकरिता पैसा जमविला तो माणूस मात्र दाराबाहेर तिष्ठत राहतो.

जखमी शिपायाच्या औषधपाण्याचा खर्च ही बाब अशी आहे की, तीत या दोन्ही दोषांची कसोटी एकदम लागते. शिपायाची जखम सरकारी वर्षाचा शेवट पाहून होत नाही. मंजुरी आली नाही म्हणून रक्त वाहावयाचे थांबत नाही. दुसऱ्या बाजूने, जखमी शिपायाचे नाव पुढे केले की लोक हात आखडीत नाहीत, आणि म्हणूनच त्या नावावर जमणाऱ्या पैशाला पहारा अधिक कडक हवा. वेळ आणि चोखपणा या दोन्ही गोष्टी ज्या हिशेबात दिसतात तोच खरा हिशेब होय.

नाशिक जिल्ह्याला हा विषय परका नाही. देवळालीची छावणी १८६१ पासूनची. समुद्रापार जाणाऱ्या आणि तिकडून येणाऱ्या गोऱ्या पलटणींचा तेथे मुक्काम पडत असे. स्वराज्यात देवळालीस तोफखान्याचे विद्यालय आले आणि नाशिकरोडला तोफखान्याचे केंद्र उभे राहिले. देवळालीस लष्करी रुग्णालय आहे. जिल्ह्याच्या पंधरा तालुक्यांतून, म्हणजे सुरगाणा-पेठच्या डोंगरापासून येवले-नांदगावच्या माळापर्यंत, सैन्यात गेलेली आणि सैन्यातून परत आलेली माणसे आढळतात. त्यांच्या नावाने गोळा होणारा पैसा जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली जमतो. त्यांचे अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पुढे जातात. तेव्हा या पैशाचा जाब कोणी कोणाला द्यावयाचा, हे प्रत्येक नाशिककराने समजून घेण्याजोगे आहे.

वही स्वच्छ आणि जखमी मात्र बेवारस, हे घडते तरी कसे? त्याचे उदाहरण पहिल्या महायुद्धात सापडते, आणि त्याचा संबंध थेट महाराष्ट्राशी पोहोचतो. १९१४ च्या नोव्हेंबरात हिंदुस्थान सरकारने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, सैन्य उतरविले. त्या मोहिमेत पुढे असलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच पुणे डिव्हिजन होते. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी तीत होत्या. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे मोठी लढाई झाली आणि जखमींची संख्या काही हजारांवर गेली. इतक्या जखमींची सोय तेथे नव्हती. रुग्णवाहक गाड्या नव्हत्या. म्हणून मोडलेल्या हाडांची माणसे सामानाच्या, बिनकमानीच्या गाड्यांत घालून कित्येक मैल आणली. नदीवर रुग्णांकरिता राखलेली पुरेशी जहाजे नव्हती. म्हणून माल वाहणाऱ्या बोटींच्या उघड्या फळ्यांवर त्यांना निजविले. पट्ट्या बदलावयास माणूस नाही, अंगावर पांघरूण नाही, अशा स्थितीत त्यांना बसऱ्यापर्यंत आणण्यात दिवसामागून दिवस गेले. ‘मेजिदिए’ नावाची अशी एक बोट सुमारे ६०० जखमी घेऊन बसऱ्याच्या धक्क्याला लागली, तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील मेजर कार्टर या डॉक्टराने ती दशा डोळ्यांनी पाहिली.

या सुमारास वर धाडलेली सरकारी तार कोणत्या अर्थाची होती? अडचणी पुष्कळ असूनही वैद्यकीय व्यवस्था उत्तम प्रकारे पार पडली, अशा अर्थाची! कार्टरने खरी हकीकत वरिष्ठांच्या कानी घातली तेव्हा त्याचे आभार मानण्याऐवजी त्याला लुडबुड्या ठरविण्यात आले आणि दटावण्यातही आले. तरी तो हटला नाही. अखेरीस हिंदुस्थान सरकारला १९१६ साली व्हिन्सेंट व बिंगले यांची चौकशी नेमावी लागली. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने खास कायदा करून मेसोपोटेमिया कमिशन बसविले. त्याचा अहवाल १९१७ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला.

या अहवालातील ध्यानात ठेवण्याजोगा भाग असा की, जखमींच्या हालाचे मूळ पैशाच्या चोरीत नव्हते. ते होते काटकसरीत आणि खोट्या समाधानात. युद्धापूर्वी अनेक वर्षे लष्करी खर्चाला कात्री लावण्याचे धोरण चालले होते. मोहीम वाढत गेली तरी नदीवरील बोटी, डॉक्टर, परिचारक आणि औषधे त्या मानाने वाढली नाहीत. जे खर्च व्हावयास हवे होते ते तिजोरीत राहिले, आणि त्याची किंमत शिपायांनी आपल्या हातापायांनी चुकविली. एखाद्या हिशेबनिसाने त्या काळची वही तपासली असती तर ‘खर्च मंजुरीपेक्षा अधिक नाही’ असा समाधानाचा शेरा त्याने मारला असता. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांच्यावर व्यक्तिशः ठपका ठेवावा असे काही नसताही, खाते आपले म्हणून जबाबदारी आपली, या तत्त्वाने त्यांनी १९१७ च्या जुलैमध्ये राजीनामा दिला. पैसा न खर्चल्याबद्दलही जाब द्यावा लागतो, हा धडा त्या प्रकरणाने घालून दिला.

त्याच युद्धाने दुसरीही एक गोष्ट शिकविली. सरकार कमी पडले तेथे लोकांनी देणग्या दिल्या. मुंबईत वस्तुसंग्रहालयाच्या नव्या इमारतीत जखमींचे रुग्णालय उघडले गेले. कपडे, औषधे, पैसा यांचे निधी निघाले. युद्ध संपल्यावर असा प्रश्न उभा राहिला की, उरलेल्या शिलकेचे काय करावयाचे? ती मूठभर लोकांच्या मर्जीवर सोडून देण्यात आली नाही. १९२० साली कायदा होऊन इंडियन रेडक्रॉस सोसायटी स्थापन झाली आणि युद्धनिधीची शिल्लक तिच्या हाती कायद्याने सोपविण्यात आली. देणगीचा पैसा हा देणाऱ्याच्या खिशातून निघाला की तो खाजगी राहत नाही, आणि ज्या हेतूने दिला तो हेतू त्याला कायमचा चिकटून राहतो, हे तत्त्व त्या कायद्याच्या मुळाशी आहे.

स्वराज्य आल्यावर या तत्त्वाची फेरमांडणी झाली ती ध्वजदिनाच्या रूपाने. १९४९ साली संरक्षण खात्याने नेमलेल्या समितीने ठरविले की, दरवर्षी ७ डिसेंबर रोजी लोकांना लहान ध्वज देऊन त्यांच्याकडून सैनिकांकरिता यथाशक्ति देणगी घ्यावी. हेतू तीन: लढाईत कामी आलेल्यांच्या व जायबंदी झालेल्यांच्या कुटुंबांचे पुनर्वसन, सेवेत असलेल्यांचे कल्याण आणि निवृत्तांचे कल्याण. पुढे निरनिराळ्या नावांनी चाललेले काही निधी १९९३ साली एकत्र करून सशस्त्र सेना ध्वजदिन निधी करण्यात आला. त्याचा कारभार दिल्लीस केंद्रीय सैनिक बोर्डाकडे असतो. महाराष्ट्रात सैनिक कल्याण विभागाचे मुख्य कार्यालय पुण्यास आहे. जिल्ह्यात जिल्हाधिकारी हे जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष असून जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी प्रत्यक्ष काम पाहतात.

ही रचना कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात एका रुपयाचा प्रवास कसा होतो ते पाहावे. समजा, निफाड तालुक्यातील एखाद्या शाळेने ध्वजदिनी मुलांकडून काही रक्कम जमविली. मुख्याध्यापकाने ती मोजून घेतली, पावती फाडली आणि रक्कम वर पाठविली. तहसील, पंचायत समिती, नगरपालिका, साखर कारखाना, बँक अशा ठिकठिकाणांहून तशाच रकमा जिल्ह्याच्या ठिकाणी जमा होतात, आणि तेथून त्या राज्याच्या व केंद्राच्या निधीत जातात. या प्रवासात पैशाला हात बदलावे लागतात, आणि हात बदलताना प्रत्येक ठिकाणी कागद झाला पाहिजे. पावतीपुस्तके किती दिली, किती परत आली, त्यांतील कोरी किती व फाटलेली किती, रक्कम कोणत्या तारखेस हाती आली व कोणत्या तारखेस भरली, या पाच प्रश्नांची उत्तरे ज्या कार्यालयाजवळ तयार असतील त्याचा हिशेब निम्मा झालाच म्हणावयाचा. देणगीचा पैसा करासारखा अर्थसंकल्पाच्या वाटेने येत नाही, आणि त्याची एक एक बाब विधिमंडळाच्या मतास पडत नाही. म्हणून तेथे पावती, रोकडवही आणि वर्षअखेरचा जाहीर तपशील यांचे महत्त्व दुप्पट आहे.

येथे एका गोष्टीचा विचार आवश्यक आहे. ध्वजदिन निधीच्या संकलनाला महाराष्ट्रात जिल्हावार उद्दिष्टे ठरवून दिली जातात, आणि ती पुरी करणाऱ्या जिल्ह्यांचा व अधिकाऱ्यांचा गौरव होतो. उत्साह वाढविण्याचा तो एक उपाय आहे यात शंका नाही. तथापि उद्दिष्ट केवळ जमेचेच ठेवले तर अधिकाऱ्याची दृष्टी साहजिकच जमेकडे लागते. त्यातून खालच्या कचेरीवर रक्कम पुरी करण्याचा तगादा, आणि तगाद्यातून देणगीला पट्टीचे रूप येण्याचा धोका संभवतो. परकीय राजवटीत युद्धनिधी कसे वसूल होत याच्या आठवणी खेड्यापाड्यांतून दीर्घकाळ टिकून होत्या. ज्याचा गौरव करावयाचा त्याला आणखी दोन प्रश्न विचारले पाहिजेत: मदतीचे अर्ज किती आले, आणि ते किती दिवसांत निकालात निघाले? जमेचे उद्दिष्ट असते, तसे वाटपाच्या मुदतीचेही उद्दिष्ट असावयास हवे.

आता जखमी शिपायाच्या उपचाराचा खर्च प्रत्यक्षात कोण सोसतो ते पाहू. सेवेत असताना जखमी झालेल्या शिपायाचा उपचार लष्कराच्या रुग्णालयांत होतो आणि त्याचा खर्च संरक्षण खात्यावर पडतो. या कामी महाराष्ट्राचे स्थान मोठे आहे. दुसरे महायुद्ध चालू असता १९४४ साली पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र निघाले. हात किंवा पाय गमावलेल्या जवानांना तेथे नवा अवयव बसवून तो वापरण्याचे शिक्षण दिले जाते. खडकीची, १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरी संस्था जायबंदी जवानांना धंद्याचे शिक्षण देण्याकरिता निघाली. तेथेच १९७४ पासून पाठीचा कणा दुखावून कमरेखालचे अंग निकामी झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. या संस्था पाहिल्या म्हणजे ध्यानात येते की, जखमेचा खर्च शस्त्रक्रियेपाशी संपत नाही. कृत्रिम पाय झिजतो, तो बदलावा लागतो. चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्याला अंगावर व्रण होऊ नयेत म्हणून रोज जपावे लागते. एका क्षणात झालेली जखम पुढे तीसचाळीस वर्षे खर्च मागत राहते.

सैन्यातून बाहेर पडल्यावर हा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न दीर्घकाळ अर्धवट सुटलेला होता. १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. निवृत्तिवेतन घेणाऱ्या माजी सैनिकाने एकदाच वर्गणी भरावी आणि त्याला व त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना जन्मभर उपचार मिळावा, अशी ती योजना आहे. युद्धात जायबंदी झालेल्यांना व वीरपत्नींना ही वर्गणी माफ आहे. माजी सैनिकाने प्रथम योजनेच्या दवाखान्यात जावे. तेथील डॉक्टरने चिठ्ठी दिली म्हणजे योजनेशी करार झालेल्या खाजगी रुग्णालयात रोख पैसे न भरता उपचार व्हावा. संकटाच्या वेळी थेट रुग्णालय गाठले तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत दवाखान्याला कळवावे. पुढे रुग्णालयाचे देयक तपासले जाते, दरपत्रकाशी ताडून पाहिले जाते, आणि मंजूर झालेली रक्कम सरकार रुग्णालयाला देते.

या योजनेत सरकारी पैशाला दोन बाजूंनी धोका आहे. खाजगी रुग्णालयाने न केलेल्या उपचाराचे किंवा फुगविलेले देयक लावले आणि तपासणाऱ्याने डोळेझाक केली, तर पैसा चोरीला जातो. उलट तपासणीच्या नावाखाली देयके महिनोन् महिने पडून राहिली, तर रुग्णालये योजनेच्या रुग्णाकडे पाठ फिरवू लागतात. ‘पलंग रिकामा नाही’ असे उत्तर मिळते, किंवा ‘आधी पैसे भरा, मग सरकारकडून घ्या’ असा सल्ला मिळतो. देयक कचेरीत अडले, पण त्याची कळ सोसावी लागते ती रुग्णाला. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१५ साली या योजनेवर स्वतंत्र अहवाल दिला. त्यात औषधांची टंचाई, माणसांची उणीव आणि देयकांचा विलंब या गोष्टींवर बोट ठेवलेले आहे. उपचार झाल्यावर कित्येक महिन्यांनी पैसे मिळणे म्हणजे वरातीमागून घोडे. आणि या वरातीत नवरदेव आजारी आहे.

ज्यांना निवृत्तिवेतन नाही अशा माजी सैनिकांची गोष्ट आणखी निराळी. थोडी वर्षे सेवा करून सुटलेला शिपाई या योजनेत बसेलच असे नाही. त्याला आजारपणात केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मदत मिळण्याची तरतूद आहे, आणि तिच्यासाठी ध्वजदिन निधीतूनच पैसा येतो. त्याने अर्ज करावयाचा तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. शाळेतील मुलाने दिलेला रुपया आणि रुग्णालयातील जखमी म्हातारा यांची गाठ पडते ती याच ठिकाणी. म्हणून त्या कार्यालयाच्या टेबलावर अर्ज किती दिवस राहिला, हा प्रश्न किरकोळ समजता येत नाही.

मग हा जाब विचारण्याची साधने कोणती? पैशाच्या प्रकाराप्रमाणे ती निरनिराळी आहेत. केंद्र व राज्य सरकारच्या तिजोरीतून जो खर्च होतो त्याची लेखापरीक्षा नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात. हे पद संविधानाच्या १४८ व्या कलमाने निर्माण झाले असून ते सरकारच्या हुकमतीबाहेर ठेवलेले आहे. त्यांचे अहवाल संसदेपुढे किंवा विधिमंडळापुढे येतात आणि लोकलेखा समिती त्यांची छाननी करते. संसदेच्या या समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाच्या सभासदाकडे देण्याचा प्रघात आहे. खर्च करणाऱ्याच्या पक्षाने आपलाच हिशेब तपासून ‘ठीक’ म्हणू नये, एवढा साधा विचार त्यामागे आहे.

जिल्हा परिषद, ग्रामपंचायत इत्यादि स्थानिक संस्थांकरिता १९३० सालचा मुंबई स्थानिक निधी लेखापरीक्षा कायदा आजही पायाभूत आहे. त्यातील एक तत्त्व लोकांनी जाणून घ्यावे असे आहे. कायद्याविरुद्ध झालेला खर्च नामंजूर करता येतो आणि तो करणाऱ्याच्या किंवा करविणाऱ्याच्या अंगावर बसविता येतो. ‘कचेरीने केले’ अशी ढाल पुढे करून माणसाला निसटता येऊ नये, ही त्यातील मख्खी. जिल्हा परिषदांच्या कारभाराची छाननी विधिमंडळाची पंचायत राज समितीही करते. नाशिक नगरपालिकेची १९८२ साली महानगरपालिका झाली. तेथे मुख्य लेखापरीक्षक आपला अहवाल स्थायी समितीपुढे ठेवतो. ज्या आयुक्ताच्या खर्चाची तपासणी करावयाची त्याच्याच हाताखाली तपासनीस राहिला तर तपासणीचा अर्थ उरत नाही, हे ओळखून ही योजना केलेली आहे.

एवढी साधने असताही एक उणीव राहते. लेखापरीक्षा स्वभावतःच मागे वळून पाहणारी असते. खर्च झाल्यावर, पुष्कळदा वर्ष दोन वर्षांनी, तपासनीस येतो. त्याचा मुख्य प्रश्न असतो की, झालेला खर्च मंजुरीप्रमाणे व नियमाप्रमाणे झाला की नाही. न झालेल्या खर्चाबद्दल, पडून राहिलेल्या अर्जाबद्दल, वेळेत न पोहोचलेल्या मदतीबद्दल तो आपण होऊन क्वचितच विचारतो. कामगिरीची लेखापरीक्षा नावाचा प्रकार आता रूढ झाला असून २०१५ चा अहवाल त्याच जातीचा आहे. परंतु तो साऱ्या देशाचे चित्र दाखवितो. एका जिल्ह्यातील एका टेबलावरच्या कागदापर्यंत त्याची नजर जावी अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. तेथे नागरिकालाच पुढे व्हावे लागते.

नागरिकाच्या हाती दिलेले मोठे साधन म्हणजे माहितीचा अधिकार. हे साधन महाराष्ट्राला लाभले त्याच्या इतिहासात एका माजी सैनिकाचा मोठा वाटा आहे. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे सैन्यात मोटारचालक होते. १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवर त्यांचे सहकारी मृत्युमुखी पडले आणि ते वाचले. पुढे गावी परतल्यावर त्यांनी सरकारी कारभाराचे कागद लोकांना पाहावयास मिळावेत याकरिता आंदोलन उभारले आणि २००३ साली उपोषणही केले. महाराष्ट्राचा राज्यापुरता कायदा आधी झाला. साऱ्या देशाचा माहिती अधिकार कायदा २००५ साली अमलात आला. दहा रुपये भरून कोणाही नागरिकाला सरकारी कार्यालयाकडे माहिती मागता येते. ती तीस दिवसांत द्यावी लागते, आणि माणसाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंध असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला दररोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो त्याला स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. शिवाय २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क दिलेला आहे. म्हणजे दिवसांचा हिशेब मागणे हा आता हट्ट राहिलेला नाही. त्याला कायद्याचा आधार आहे.

नाशिकच्या माणसाने अर्ज करावयाचा तर काय विचारावे? ‘सैनिकांचा पैसा कोठे जातो?’ असा मोघम प्रश्न केला तर उत्तरही मोघमच यावयाचे. अमुक वर्षी जिल्ह्यात ध्वजदिन निधीची जमा किती, ती कोणत्या तारखांस वर भरली. त्या वर्षी वैद्यकीय मदतीचे अर्ज किती आले, किती पुढे पाठविले, किती परत केले व कोणत्या कारणाने. प्रत्येक अर्जाला सरासरी किती दिवस लागले. आणि मंजूर होऊनही न वाटलेली रक्कम वर्षअखेर किती राहिली. रुग्णांची नावे किंवा त्यांच्या आजाराचा तपशील मागण्याचे कारण नाही. त्यांची दुखणी चव्हाट्यावर आणणे हा निराळा अपराध होईल. आकडे आणि तारखा एवढ्यांनी काम भागते. तसेच हा प्रश्न वैरभावाने विचारण्याचेही कारण नाही. प्रामाणिक अधिकाऱ्याला असा अर्ज म्हणजे आपले काम लोकांपुढे मांडण्याची संधीच वाटावी. शिवाय जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माणसे किती, कामाचा भार किती, हेही त्या उत्तरातून उघड होते. पुष्कळदा विलंबाचे मूळ टेबलामागील रिकाम्या खुर्चीत असते, आणि ती रिकामी ठेवण्याची जबाबदारी आणखी कोणा वरिष्ठाची असते.

जबाबदारीची ही साखळी वर कोठपर्यंत जाते याची आठवण नाशिकने ठेवावी अशी एक गोष्ट आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण देशाचे संरक्षणमंत्री झाले, आणि १९६३ साली नाशिक मतदारसंघाने त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठविले. १९६५ च्या युद्धात सैन्याचा, शस्त्रांचा आणि जखमींच्या व्यवस्थेचा जाब ज्या मंत्र्याला संसदेत द्यावा लागत होता तो नाशिकचा प्रतिनिधी होता. राष्ट्रीय संरक्षण निधी १९६२ सालचा. त्या वेळी देशभर स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. इतक्या विश्वासाने दिलेल्या पैशाला जाब देणारा माणूस आपण निवडून दिलेला आहे, ही जाणीव त्या काळी नाशिकच्या मतदाराला असावयास हवी होती, आणि आजच्या मतदारालाही ती हवी. तहसील कचेरीतील लिपिकापासून संरक्षणमंत्र्यापर्यंत प्रत्येकजण त्या पैशाचा विश्वस्त आहे, मालक कोणीच नाही.

पेशवाईच्या काळीही लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांना बालपरवेशी देण्याची चाल होती, आणि तिची नोंद दप्तरात होत असे. देणगी दरबारची, पण नोंद फडाची, अशी ती रीत. दातृत्व आणि हिशेब यांत विरोध आहे अशी समजूत पुष्कळांची असते. धर्माच्या कामी पावती कसली मागावयाची, असे म्हणून लोक संकोचतात. वास्तविक ज्याच्या नावाने दान दिले त्याच्यापर्यंत ते पोहोचले की नाही हे पाहणे हा दानाचाच उत्तरार्ध होय.

म्हणून जिल्ह्याच्या प्रत्येक कचेरीतील वहीत जमा आणि खर्च या दोन रकान्यांच्या जोडीला ‘दिवस’ असा तिसरा रकाना असावा: अर्ज आला कधी, निकाल लागला कधी, पैसा हाती पडला कधी. पहिले दोन रकाने चोराला पकडतात. तिसरा आळसाला आणि बेपर्वाईला पकडतो. मेसोपोटेमियाच्या नदीवरील बोटींत पडलेल्या मराठा शिपायांकरिता पहिले दोन रकाने पुरेसे ठरले नाहीत. पुढच्या ७ डिसेंबरला जो कोणी ध्वज घेऊन पेटीत पैसे टाकील, त्याने पावती अवश्य घ्यावी. आणि वर्षअखेर त्या तिसऱ्या रकान्यात काय भरले आहे तेही विचारावे.